जमादारांनी दिलेला स्टे

कळमनुरीच्या नाना वकिलांना ओसरीवर न्यायमूर्ती लागायचा. खऱ्या कोर्टात उभं राहण्याआधी ते रस्त्यावरच्या कुणालाही धरून आरामखुर्चीत बसवत आणि त्याच्यापुढे अख्खी केस चालवत. मी शेजारी, त्यामुळे माझ्या हातून कित्येक खुनी निर्दोष सुटले. दूधवाला सरसकट फाशी द्यायचा. त्याला घाई असे. "न्यायमूर्ती पेंगला की मुद्दा मेला," असं म्हणत नाना त्या मुद्द्याचा कागद टराटरा फाडत.

हमीदा खालांची केस आली तेव्हा हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. खाला जन्मल्या कळमनुरीत, लग्न होऊन गेल्या कराचीला आणि विधवा झाल्यावर भावाकडे परतल्या. माणुसकीखातर त्यांना दर वर्षी राहायची मुदत वाढवून मिळे. मग एकाएकी ती सवलत बंद झाली आणि हुकूम आला, शनिवारी देश सोडा. कराचीत त्यांचं कुणी उरलं नव्हतं. नानांनी औरंगाबादच्या खंडपीठात अर्ज टाकला, पण सुनावणी होती सोमवारी.

शनिवारी सकाळी ठाण्याचे जमादार खालांना न्यायला आले. खाला नानांच्याच ओसरीवर पान कुटत बसल्या होत्या.

"जमादार, जरा खुर्चीत बसा," नाना म्हणाले. "सोमवारची तालीम राहिली."

"वकीलसाहेब, मी ड्युटीवर हाय."

"मग न्यायमूर्ती काय रजेवर असतो?"

जमादार टोपी मांडीवर ठेवून बसले. नाना तासभर बोलले. जमादार पेंगले तर नाहीतच, उलट भुवया चढवून म्हणाले, "सरकारचं म्हणणं काय हाय?" सरकारतर्फे कुणी नव्हतं, म्हणून मला उभं केलं. "हुकूम म्हणजे हुकूम," मी म्हणालो. जमादारांनी असं पाहिलं की मी खाली बसलो.

"बाई, तुमाला काई सांगायचं हाय?"

"वहां मेरेकू कौन पैचानता साब?" खाला म्हणाल्या. "यहां तो बकरियां भी पैचानतीं."

जमादारांनी डोळे मिटले. मुद्दा मेला, असं मला वाटलं. "सोमवारपर्यंत स्टे," ते म्हणाले, आणि टोपी घालून निघाले.

"अहो, खालांना न्यायचं नाही का?" मी विचारलं.

"कसं नेऊ? आत्ताच स्टे दिला ना मी."

"ठाण्यात काय सांगाल?"

"कोर्टानं थांबवलं म्हणतो. कोणत्या, ते इचारलं तं बगू."

मी नानांकडे पाहिलं. ते रिकाम्या आरामखुर्चीपुढे, कोर्टात वाकतात तसे वाकले होते.

सोमवारी खंडपीठानंही स्टे दिला. जमादार धावत आले. "बराबर बकऱ्यांच्याच मुद्द्यावर दिला का?"

"जवळपास," नाना म्हणाले.

पुढे तारखा पडत गेल्या आणि खाला राहत गेल्या. सात वर्षांनी, केस चालू असतानाच त्या वारल्या आणि कळमनुरीच्याच कबरस्तानात निजल्या. केस बंद करण्याचा अर्ज नानांनी टायपिस्टला सांगितला. कारण: अर्जदार बाई आता कळमनुरी सोडून कुठंही जाणार नाहीत.

"नाना, नुसतं मयत लिहितात," टायपिस्ट म्हणाला.

"मी सांगतो तसंच लिही," नाना चष्मा पुसत म्हणाले. "आपण जिंकलो, हे कळलं पाहिजे सरकारला."