हलणारा सूर

फुंकर महिन्यात तिसऱ्यांदा क्लॅरिनेट घेऊन दुकानात आला आणि माझं डोकंच फिरलं. वाद्यं दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. माझ्या हातून गेलेलं वाद्य असं परत येतं म्हणजे काय?

"वरचे सूर हलतात रे," तो म्हणाला. "लांब सूर धरला की मध्येच डगमगतो."

फुंकर म्हणजे बागेतल्या बँडचा पहिला क्लॅरिनेटवाला. बावीस वर्षं तीच खुर्ची. फुंकण्याशिवाय याला काही सुचत नाही म्हणून हे नाव; वहिनीसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारते. आता बँडच्या प्रमुखाने बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत सूर स्थिर झाला नाही तर खुर्ची सोड. तेव्हापासून बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

मी काय काय केलं नाही! भोकं झाकणारे पॅड बदलले, स्प्रिंगा बदलल्या, सांधे घट्ट केले. त्याने रीड, म्हणजे फुंकताना थरथरते ती बोरूची पट्टी, सहा वेळा बदलली. मी वाजवलं की सूर सरळ. त्याने वाजवलं की डळमळीत. वाद्य एकच, खोली एकच, आणि माझी फुंक म्हणजे सायकलचा पंप, तरी माझाच सूर सरळ! हे काय गौडबंगाल आहे, काही केल्या कळेना.

"तू म्हातारा झालास," मी वैतागून म्हणालो.

"तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहेस."

शेवटी त्याला दिव्याखाली बसवलं आणि म्हटलं, वाजव. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात तोंडात धरायच्या भागावर टेकतात. त्याने सूर धरला, मी वाकून पाहिलं. वाद्य जागच्या जागी होतं. उजवा दात हलत होता.

"अरे देवा! दुखत नाही?"

"मुळीच नाही. दुखलं असतं तर डॉक्टरकडे गेलो नसतो का?"

त्याला अक्षरशः ओढत दातांच्या डॉक्टरकडे नेलं. चुणचुणीत तरुण बाई. तिने खुणांची बारीक सळई हिरडीच्या कडेने आत सरकवून मोजमाप घेतलं, एक्स-रे काढला आणि म्हणाली, "हिरड्या सुजल्यात, दातांवर कीटण चढलंय, आतलं हाड झिजलंय. हा आजार बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून कळत नाही. मागचे दात बरे आहेत. पुढचे घासत नाही का?"

"पुढे रक्त यायचं, म्हणून चार वर्षं तिथे ब्रश लावलाच नाही. जपले," फुंकर म्हणाला.

"रक्त येत होतं म्हणूनच तिथे घासायचं होतं. मऊ ब्रशने, हळुवार, हिरडीच्या कडेला, रोज दोनदा. फटींतून दोरा फिरवायचा. तरी पंधरा दिवसांत रक्त थांबलं नाही तर इथे यायचं."

फुंकर माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. रक्त येतं तिथेच घासायचं? जपलं म्हणून बिघडलं? माझ्या डोक्यात नुसता गोंधळ उडाला.

"दात राहील ना?" त्याने विचारलं.

"खोलवर साफ करू, शेजारच्या दाताला बांधू. राहील कदाचित. पण गेलेलं हाड पुरतं भरून येत नाही. आणि क्लॅरिनेट सध्या बंद. पुन्हा वाजवता येईल की नाही, आज सांगता येणार नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरने विचारलं, "तिथे ब्रश लावू नका, असं सांगितलं कोणी तुम्हाला?"

"आठवत नाही," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

मला आठवत होतं. चार वर्षांपूर्वी माझ्याच दुकानात त्याने चूळ भरली, ती लाल आली, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, रक्त येतंय तिथे हात लावू नकोस, वाजवायचे दात आहेत तुझे. लाज वाटली. भयंकर लाज वाटली.

"मी सांगितलं, बाई," मी म्हणालो.

फुंकर घाईघाईने मध्ये पडला. "त्याला बोलू नका हं. माझ्या वाजवण्याच्या बाबतीत त्याचं कधी चुकलेलं नाही, म्हणून मी ऐकलं."