मावशीनं झाकलेला पाऊस

मी मुळातच भित्री. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी मी गॅस बंद करून लांब पळते. आणि अशा बाईला काम मिळालं ते काय, तर हवामान बदलतंय हे कळायला मुळशीत काय काय मोजायचं, ते ठरवण्याचं!

पौडच्या बैठकीत पाऊस, तापमान आणि वारा सगळ्यांना मान्य झाले. मी मातीतली ओलही मोजा म्हणून हटून बसले.

"अहो मॅडम, पावसाळ्यात इथली माती ओलीच असते. त्यात मोजायचं काय?" एक साहेब म्हणाले. सगळे हसले.

मी भडकले. "महिनाभर रिपरिपणारा पाऊस आता एकदम कोसळतो. मातीला तो झेपतोय का, हे पुढच्यांना कळायला नको?"

खरं कारण मी बोललेच नाही. माले गावाच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायथ्याला माझी मावशी एकटी राहते. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. शेवटी माझं तोंड बंद करायला ओलीचं यंत्रही घेतलं, आणि रेंज मिळते म्हणून सगळी यंत्रं तिच्याच परसात बसवली.

आषाढातली ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. बावधनला आमच्या ऑफिसबाहेर धो धो पाऊस, आणि आत स्क्रीनवर मावशीकडचा पाऊस शून्य. मातीतली ओल मात्र चढतच चाललेली.

"ओलीचं यंत्र बिघडलंय," सहकारी म्हणाला. "पाऊसच नाही तर माती भिजेल कशानं?"

तेच खरं निघावं असं मलाही वाटत होतं, देवाशप्पथ! पण राहवेना. फोन लावला. लागेना. लावत राहिले. एकदाचा तिनं उचलला.

"मावशी, पाऊस आहे का गं?"

"हाय का म्हंजी? कालपास्नं लई झोडपतोय मेला!"

"मग यंत्रात कसा नाही?"

"त्याला काल कागद बांधलाय म्या. उघड्यावर भिजत हुतं की बिचारं."

आमच्याकडे पावसाळ्याआधी सगळंच प्लास्टिकच्या कागदानं झाकतात. भिंती, सरपण, कोंबड्यांचं खुराडं. त्याच मायेनं तिनं पाऊस मोजायचं नळकांडंही झाकलं होतं. मला हसू फुटलं. आणि मग ध्यानात आलं की ओलीचं यंत्र खरं बोलतंय. डोंगर पाण्यानं भरत चालला होता, आणि मावशीची मागची खोली डोंगराला टेकलेली.

"मावशी, मागच्या खोलीत बघ."

ती गेली. तेवढ्या वेळात मी अख्ख्या जन्माचं घाबरून घेतलं.

"पोरी, भुईतनं पानी येतंया. गढूळ."

"तशीच नीघ! शाळेत जा. शेजारच्यांना हाका मार."

"आन् शेळी?"

"शेळी घे नि नीघ! बाकीचं गेलं मसणात!"

दुपारी मागची भिंत डोंगराचा चिखल घेऊन आत आली, तिची खाट असते बरोबर तिथे. मावशी, शेजारी आणि शेळी तोवर शाळेच्या व्हरांड्यात पोचले होते.

दुसरी जागा नाही, म्हणून तिनं भिंत पुन्हा तिथंच उभी केली. नळकांड्याला आता ती बोटही लावत नाही. माझी भीती मात्र गेली नाही. डिसेंबरातल्या लख्ख उन्हात स्क्रीनवर शून्य दिसलं तरी मी आधी फोन लावते.

"पाऊस न्हाई गं बाई!" ती वैतागते.

"आणि भुई?"

मग ती खरंच मागच्या खोलीत जाते, वाकून जमिनीला हात लावते. ती परत येऊन "कोरडी हाय" म्हणेपर्यंत मी फोन कानाशी घट्ट धरून बसते.