सहा महिने आणि बारा दिवस

मी माझ्या धाकट्या बहिणीवर जळायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी कीव करायला नको. ती माझ्यापेक्षा गोरी म्हणून नाही हो, गोरेपणाला विचारतंय कोण. तिचं सगळं आपोआप व्हायचं, म्हणून जळायचे. मी बारावीनंतर दापोड्याच्या गोडाऊनमध्ये चेकिंगला लागले, ती बी.कॉम. झाली. बाबांची जुनी मोटारसायकल मला चालवायला मिळावी म्हणून मी वर्षभर त्यांचं डोकं खाल्लं; तिला स्थळ आलं तेही घरबसल्या. आणि पोरगी एवढी गुणाची, की भांडायला निमित्त म्हणून द्यायची नाही. याचाच मला जास्त राग.

स्थळ शेजारच्या गावातलं होतं. होणाऱ्या सासऱ्यांचे तीन टेम्पो, दापोड्याच्या गोडाऊनांचा माल वाहायचे. साखरपुडा पावसाळ्याआधी उरकला. लग्न मात्र त्यांच्या घराचा वरचा मजला बांधून झाल्यावर, म्हणजे पुढच्या वैशाखात ठरलं.

दसरा होऊन आठेक दिवस झाले असतील. सकाळच्या ड्युटीला मी अंजूरहून मोटारसायकलवर निघाले होते. दापोड्याच्या अलीकडे गोडाऊनच्या रस्त्यावरून एक टेम्पो उलट्या बाजूने बाहेर आला आणि मी उजव्या पायावर आपटले. गाडी माझ्या अंगावर होती, टेम्पो पुढे जाऊन थांबला होता. त्याच्या मागच्या फळीवर कुलदेवीचं नाव होतं, आमच्या व्याह्यांच्या तिन्ही टेम्पोंवर असतं तेच. रस्त्यात पडल्या पडल्या मी ते वाचलं आणि मनात पहिला विचार आला, आता हिच्या लग्नाचं काय. देवाशपथ सांगते, तो विचार काळजीचा नव्हता.

तीन आठवडे हॉस्पिटलात काढले. मांडीत रॉड बसला. गुडघा मात्र वाकेना. डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन करावं लागेल, वर्षाच्या आत केलं तर बरं, नाहीतर पाय असाच राहील. ते ऑपरेशन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. जे होतं ते लग्नासाठी बाजूला ठेवलेलं.

घरी आले तर माझी कॉट मागच्या खोलीत सरकवलेली. पुढच्या खोलीत बस्ता बांधायचा होता ना! मी आत छताकडे बघत पडलेली आणि बाहेर साड्यांच्या घड्या उलगडल्या जातायत. व्याही भेटायला आले. माझ्यासाठी मोसंबी आणली, तिच्यासाठी दिवाळीची राहिलेली साडी. मोसंबी आंबट होती. ब्लाऊज शिवणारी बाई मापं घ्यायला आली तेव्हा आई म्हणाली, मोठीचं नंतर बघू, जरा अंग धरू दे. मी भिंतीकडे तोंड केलं आणि त्या दिवशी जेवले नाही.

पोलिसांनी हॉस्पिटलातच माझा जबाब घेऊन गुन्हा नोंदवला होता, टेम्पोचा ड्रायव्हर जामिनावर सुटला होता. पुढे नुकसानभरपाईचा दावा करायचा असतो, हे मला ठाऊक होतं. पण बाबांनी विषयच तोडला. "आपल्याच मानसांवर केस न्हाय करायची. लगीन होऊंदे, मंग बगू." यात बाबांचंही फार चुकलं असं नाही. आमच्या गावात केस म्हटली की जमिनीची. ज्याच्यावर केस टाकली त्याच्याशी बोलणं बंद, त्याच्या घरचं हळदीकुंकू बंद, मयताला जायचं तरी लांब उभं राहायचं. बाबांचा सख्खा चुलतभाऊ समोर राहतो. एका बांधावरून केस झाली तेव्हापासून दोघं एकमेकांकडे बघून थुंकतसुद्धा नाहीत. दुसऱ्या कुठल्या प्रकारची केस आमच्या घरात कोणी पाहिलेलीच नव्हती.

जानेवारीत मी कुबड्यांवर चालायला लागले. आमच्या गोडाऊनच्या सुपरवायझरने निजामपुऱ्यातल्या एका वकीलबाईंचा पत्ता दिला. त्याच्या भावाची केस त्यांनी चालवली होती. तपासणीला जाते सांगून मी एकटी रिक्षाने गेले. पहिल्या मजल्यावर ऑफिस, खाली कापडाचे लूम चालू. टेबल थरथरत होतं आणि बाई सगळं ओरडून सांगत होत्या. मोटार अपघाताचा दावा ठाण्याच्या न्यायाधिकरणात लावायचा. पूर्वी मुदत नसायची, आता कायद्याने सहा महिने. ते मोजायचे अपघाताच्या दिवसापासून, डिस्चार्जपासून नाही. उशीर झाला तर समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढणार. त्यांनी एका कागदावर शेवटची तारीख लिहून दिली. लग्नाच्या बरोबर बारा दिवस आधीची.

मी विचारलं, पैसे कोण देणार? त्या म्हणाल्या, टेम्पोचा विमा चालू आहे, तुम्ही आणलेले पोलिसांचे कागद मी बघितलेत. पैसे विमा कंपनी देणार. ड्रायव्हर आणि मालक यांना पार्टी करावंच लागतं, पण मालकाच्या खिशाला हात लागत नाही. मला खरं वाटेना. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, अजून मोठ्याने.

रिक्षात मी एकटीच हसत होते. ऑपरेशन होईल, लग्नही होईल, कोणाशी वाकडं यायचं कारण नाही. घरी जाऊन कधी सांगते असं झालं होतं. दारात पोचले तर पुढच्या खोलीत माझी बहीण लग्नासाठी आणलेल्या टाचांच्या चपला घालून इकडून तिकडे चालून दाखवत होती. आई, मावशी, शेजारची काकू, सगळ्यांचे डोळे तिच्या पायांवर. मी कुबड्या घेऊन उंबऱ्यात उभी. कोणी मागे वळूनही पाहिलं नाही. चांगली दोन मिनिटं मी तशीच उभी होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जेवताना मी सांगितलं, वकिलाकडे गेले होते. केस करायची तर लग्नाच्या बारा दिवस आधी करावी लागेल, नंतर मुदत संपते. आता तुम्ही सांगा, काय करू? एवढंच बोलले. कंपनी पैसे देते, हे सांगितलं नाही. मला बघायचं होतं. ह्या घरात माझ्या गुडघ्याची किंमत तिच्या लग्नापुढे काय आहे, ते मला एकदा बघायचंच होतं. बाबांनी ताटात हात धुतला आणि उठून गेले. आईने पदर डोळ्यांना लावला. बहीण माझ्याकडे बघत राहिली. मी भात कालवत होते.

त्यानंतरचे तीन महिने आठवले की आज मला माझीच लाज वाटते. तेव्हा मात्र मजा वाटायची. बाबा माझ्या खोलीत येईनासे झाले. आई गुडघ्याला तेल चोळायची आणि मध्येच हात थांबवून खिडकीबाहेर बघायची. बहिणीने दोनदा विचारलं, ताई, ते ऑपरेशन उशिरा केलं तर चालेल का गं? मी म्हणायचे, माझं काय एवढं, तू तुझं लग्न बघ. असं म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा आणि मला बरं वाटायचं. खरं तर पाय थोडा सुधारला होता. पण ती समोर असली की मी जास्त लंगडायचे.

एप्रिल लागला तशा वकीलबाई फोन करायला लागल्या. कागद तयार आहेत, सही बाकी आहे, येताय कधी? मी म्हणायचे, दोन दिवसांत येते. दहा दिवस राहिले, पाच राहिले. घरात कोणी चकार शब्द काढेना. मीही हट्टाला पेटले होते. कोणीतरी म्हणावं, जा, कर केस, लग्न गेलं खड्ड्यात. ते ऐकल्याशिवाय मी हलणार नव्हते. पाय कायमचा आखडला तरी चालेल, इथवर माझी मजल गेली होती.

मुदतीला दोन दिवस राहिले, त्या सकाळी बहीण माझ्या खोलीत आली. बाहेर जायचे कपडे, हातात माझ्या हॉस्पिटलच्या कागदांची फाईल.

"चल ताई, रिक्षा उभी आहे."

रिक्षात बसल्यावर तिने सांगितलं, "मी सकाळीच त्याला फोन केला. म्हटलं, आम्ही केस करतोय, तेव्हा लग्न नको. नाहीतर तुमच्या घरात मी कशी राहू?" डोळे सुजलेले होते, आवाज सरळ होता.

हेच तर मला ऐकायचं होतं. अंजूरफाट्यापर्यंत मी मनातल्या मनात नुसती फुगत होते. निवडलं मला! त्याच्यापेक्षा, साड्यांपेक्षा, वरच्या मजल्यापेक्षा मला निवडलं. मग तिच्या हाताकडे लक्ष गेलं. साखरपुड्याची अंगठी काढलेली होती, बोटावर तेवढीच जागा पांढरी राहिली होती. तेव्हा तरी बोलायला हवं होतं मी. तोंडच उघडेना. उघडलं असतं तर काय सांगणार होते? निजामपुऱ्याच्या गल्लीत रिक्षा शिरेपर्यंत मी रस्त्याकडे बघत बसले.

वकीलबाईंनी कागद पुढे केले. मी सह्या करत होते. बहिणीने हळूच विचारलं, "मॅडम, त्या लोकांना टेम्पो विकावे लागतील का?"

बाई हसल्या. "अहो, विकावे कशाला लागतील? पैसे विमा कंपनी देते. तुमच्या ताईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोन वेळा."

खाली लूम चालूच होते. बहीण माझ्याकडे वळली. मी मान खाली घालून पुढची सही केली. मग फोन घेऊन बाहेर गॅलरीत गेली. मला उठून तिच्या मागे जावंसं वाटत होतं, पण त्या खुर्चीतून मला आधाराशिवाय उठता येत नव्हतं. आधार देणारी तीच होती.

आत आली ती शांत होती. होणारे सासरे फोनवर हसले म्हणे. विमा मग मी कशाला भरतो पोरी, म्हणाले. मीच सांगणार होतो दावा करा म्हणून, पण तुझ्या बापाने लग्नाआधी तो विषय नको म्हणून माझ्याकडून शब्द घेतला होता. लग्न होतं त्याच दिवशी होणार. एवढं सगळं तिने वकीलबाईंकडे बघून सांगितलं.

जिना उतरताना तिने नेहमीसारखा माझ्या कोपराखाली हात घातला. एकेक पायरी. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, चुकलं माझं. तिने फाईल मांडीवर सरळ केली.

"तुला माझं लग्न मोडायचं होतं, की मी मोडते का ते बघायचं होतं?"

"बघायचं होतं," मी म्हटलं.

"बघितलंस," ती म्हणाली आणि घर येईपर्यंत पुन्हा बोलली नाही. घरातही कोणाला काही बोलली नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी ठाण्यात माझा दावा दाखल झाला. त्याच्या तारखा अजून चालू आहेत.

लग्न थाटात झालं. हळदीला मी तिला हळद लावली, तिने गाल पुढे केला. सगळ्यांसमोर काही कमी केलं नाही तिने. मुलगी सासरी निघते तेव्हा पाठराखीण म्हणून माहेरची एक जण सोबत जाते. आमच्यात बहीण असली तर बहिणीचाच मान. मी नवी साडी नेसून, केसांत गजरा माळून, काठी टेकत गाडीजवळ आधीच जाऊन उभी राहिले होते. बहीण आली, चुलत बहिणीचा हात धरला आणि तिला आपल्या शेजारी बसवलं. कोणीतरी विचारलं, ताई नाही का येत? ती म्हणाली, ताईला एवढा वेळ गुडघा दुमडून बसवत नाही, तिला त्रास होईल. बाया हळहळल्या, केवढी काळजी बहिणीची. गाडीचं दार लागलं. आत ती चुलत बहीण तिच्या पदराच्या निऱ्या सारख्या करत होती. आयुष्यभर मी माझ्या बहिणीवर जळले, पण त्या पोरीवर जेवढी जळले तेवढी कधीच नाही.