खुराना सरांची घंटी

आमच्या फरीदाबादच्या ऑफिसात फाइली ठेवायला जागा नाही, पण किस्से मात्र साठतच जातात. घरी सांगितले तर नवरा म्हणतो, "तू मनानं रचतेस." कसली रचतेय! वेळ कुठे आहे? दिवसभर पॉझिटिव्ह राहावं लागतं.

सुरुवात झाली ब्रँच हेड खुराना सरांपासून. सर कसल्याशा वर्कशॉपला गेले आणि येताना पितळी घंटी घेऊन आले. चांगली बातमी असेल त्यानं ती वाजवायची, बाकीच्यांनी उठून टाळ्या वाजवायच्या. कुणी शंका काढू नये म्हणून भिंतीवर बोर्डही लागला, 'घंटी के बाद सिर्फ ताली.'

पहिली घंटी एसी दुरुस्त झाला म्हणून वाजली. टाळ्या संपेपर्यंत तो पुन्हा बंद पडला होता.

* * *

मग 'ओपन डोअर पॉलिसी' आली. सरांनी सुतार बोलावून केबिनचं दारच काढून टाकलं! आता कुणीही, केव्हाही आत जावं.

तेव्हापासून सर कॉन्फरन्स रूममध्ये बसतात. आतून कडी लावून.

* * *

नंतर फीडबॅक. चूक सांगायची, पण आधी कौतुक आणि शेवटीही कौतुक. माझ्या शेजारी सावंत बसतो, पुण्याचा. अख्ख्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. सर त्याला म्हणाले, "शर्ट बढिया है, रिपोर्ट बकवास है, जूते भी बढिया हैं."

सावंत जागेवर येऊन म्हणाला, "ताई, बूट तरी पास झाले."

* * *

पुढे 'नाही' या शब्दावर बंदी आली. काहीही विचारलं तरी उत्तर 'जरूर, और' असं सुरू करायचं.

एका कस्टमरचा फोन आला, माल निघाला का? आमचा डिस्पॅचवाला म्हणाला, "जरूर सर, और आज बनना भी शुरू हो जाएगा!"

* * *

खरा फटका बसला सावंतला. त्याची बायको आणि तीन वर्षांची लेक पुण्यात, लेकीची भेट फक्त व्हिडिओ कॉलवर. तिथल्या ब्रँचमध्ये त्याच्याच कामाची जागा रिकामी. तो दर महिन्याला बदली मागायचा आणि सर म्हणायचे, "जरूर, और अगले क्वार्टर में पक्का." एकदा तर म्हणाले, "फॅमिली? अरे यार, फॅमिली तो यहीं है!" सरळ नाही म्हटलं असतं तर बिचाऱ्यानं दुसरी नोकरी तरी शोधली असती.

परवा त्याच्या लेकीनं शेजारच्या काकूंना मोबाइल दाखवून सांगितलं, "हा माझा बाबा." फोन बंद होता. हे सांगताना सावंत हसला. मला नाही हसू आलं, फार वाईट वाटलं.

* * *

आणि गेल्या आठवड्यात हेड ऑफिसचे मोठे साहेब आमचं कल्चर बघायला आले. सर त्यांना सगळीकडे फिरवत होते. घंटीपाशी आले, तेवढ्यात सावंत उठला आणि त्यानं ती वाजवली.

"खुराना सरने मेरा पुणे का ट्रान्सफर मंजूर कर दिया!"

सगळे उठले, टाळ्या सुरू! सगळ्यात जोरात मोठ्या साहेबांच्या. सरांनी सावंतकडे बघितलं, मग बोर्डाकडे बघितलं, आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

"शाबाश, खुराना! इसे कहते हैं कल्चर," साहेब म्हणाले. "तो ये शुक्रवार तक निकल जाएगा?"

सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जरूर सर, और…"

"और सोमवार से वहाँ जॉइन," सावंत म्हणाला.