टॉकबॅकवर मी नव्हतो

असले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचत आलो... आणि हसत आलो. साउंडच्या धंद्यात निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाला विचित्र आवाजाचं कारण विचारा. वायर खराब असेल, अर्थिंग नसेल, शेजारच्याचा मोबाईल वाजला असेल. वायर बदलता येते, भूत बदलता येत नाही, म्हणून भूत आम्ही मनावर घेत नाही. आज मीच इथे लिहायला बसलोय, तेव्हा हसायची पाळी तुमची.

मी बिबवेवाडीत राहतो. सोसायटीच्याच तळमजल्यावर माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. धाकटा भाऊ मंदार ड्रमर आहे. शनिवार पेठेतल्या एका पथकात ताशा वाजवत मोठा झाला आणि पुढे ड्रमसेटवर बसला. स्वभावाने इतका मवाळ, की घरात पाल निघाली तर आई झाडू शोधेपर्यंत हा तिला कागदावर घेऊन बाहेर सोडून आलेला असायचा. कुणावर हात उगारलेला मी त्याला कधी पाहिला नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते त्याच्याच हातून झालं.

मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला एका मोठ्या हॉलमध्ये वाद्यं आणि रेकॉर्डिंगच्या सामानाचं प्रदर्शन होतं. नवे माईक, नवे स्पीकर, नवे कीबोर्ड, आणि प्रत्येक स्टॉलवर आपलाच आवाज मोठा असावा म्हणून चाललेली मारामारी. एका कंपनीने आम्हा दोघांना डेमोसाठी बोलावलं होतं. त्यांचं नवं मशीन त्या दिवशी लोकांसमोर यायचं होतं. स्टेजवर फक्त दोन माईक टांगायचे. त्यांना जे ऐकू येईल ते सगळं हे मशीन आपणहून वेगळं करून देतं — ड्रमचा प्रत्येक भाग वेगळ्या ट्रॅकवर, माणसांचं बोलणं वेगळ्या ट्रॅकवर. कंपनीतर्फे ते दाखवणार होता जयेश. तिशीचा, अकोल्याचा, पुण्यात नोकरीला आलेला आणि अजून पुणेकरांसारखं तोडून बोलायला न शिकलेला मुलगा. मला आल्या आल्या म्हणाला, "चहा घेता का भाऊ?" पुण्यात एवढ्यानेच माणूस मनात भरतो.

सकाळी साउंडचेक केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रमर कानात घट्ट बसणारे इअरफोन घालतो. बाहेरचं त्याला काही म्हणता काही ऐकू येत नाही. मी मिक्सरपाशी बसतो आणि माझ्यासमोरच्या एका छोट्या माईकवरून थेट त्याच्या कानात बोलतो. त्याला टॉकबॅक म्हणतात. आणि आमची भाषा म्हणजे, "किक मार. स्नेअर मार. अजून मार. जोरात मार." किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, स्नेअर म्हणजे समोरचा छोटा, आणि मार म्हणजे नुसतं वाजव. मराठीत आपण हाक मारतो, चक्कर मारतो, गप्पा मारतो, तसंच हे. नियम एकच आहे. मिक्सरवरचा माणूस 'थांब' म्हणेपर्यंत वाजवणाऱ्याने थांबायचं नाही, हात भरून आले तरी. मंदार तर या बाबतीत फारच शिस्तीचा.

साउंडचेक संपल्यावर मंदार वडापाव खायला बाहेर गेला. जयेशने आणि मी मशीनने काय वेगळं केलं ते बघायला घेतलं. किक होती, स्नेअर होता, झांजा होत्या, माझं बोलणं होतं. आणि खाली एक जास्तीचा ट्रॅक होता, त्याला मशीनने नावच दिलेलं नव्हतं.

मी हेडफोन लावून तो ऐकला. धप्प... धप्प... असा जड, ओला आवाज. ड्रमच्या कातड्याचा तो आवाज नव्हता. लोखंड मांसावर पडलं की जो आवाज येईल तो होता, आणि मधून काहीतरी मोडल्याचा. कुणीतरी घशातून विव्हळत होतं. आणि प्रत्येक धप्पच्या आधी माझा आवाज होता. शांत, कामाचा, रोजचा. "मार. अजून मार. जोरात मार."

मी दुसरे हेडफोन जयेशच्या कानाला लावले. जयेश मात्र हसला. शेजारच्या स्टॉलचा आवाज घुसला असेल, मशीन नवीन आहे, शिकतंय अजून, असं काहीतरी म्हणाला आणि त्याने तो ट्रॅक उडवून टाकला. मशीन पुन्हा चालवलं. ट्रॅक पुन्हा आला, या वेळी आधीपेक्षा लांब. मार खाणारा माणूस आता बोलत होता. तोंडात रक्त भरलेलं असावं असं बोलणं होतं, पण शब्द कळत होते. "जाऊ द्या ना भाऊ... बस झालं ना... बस..."

पुण्यातला माणूस मार खाताना 'ना भाऊ' म्हणणार नाही. मी जयेशकडे पाहिलं. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते आणि तो आपल्याच गळ्यावरून हात फिरवत होता.

"माझा आवाज आहे हा," तो म्हणाला.

मी म्हटलं, डेमो रद्द कर. त्याने वरिष्ठांना काय सांगायचं, असं विचारलं. खरं होतं ते. मशीनमधून माझाच आवाज मला ऐकू आला म्हणून डेमो नको, हे सांगून कोण ऐकतं? एवढा मोठा मांडलेला खेळ, समोर खुर्च्या भरायला लागलेल्या. मग मी मला सुचलं ते केलं. टॉकबॅकच्या माईकची वायर उपटली आणि माईक सरळ बॅगेत टाकला. म्हटलं, आता मी 'मार' म्हणूच शकत नाही, आणि म्हटलं तरी ते मंदारच्या कानात जाऊ शकत नाही. मंदारला यातलं काही सांगितलं नाही. वाजवणाऱ्याच्या डोक्यात ऐन वेळी काही भरवू नये, असं मी समजत आलोय. कानात गाण्याचा ट्रॅक तेवढा चालू ठेवला.

डेमो सुरू झाला. मंदार सुरेख वाजवत होता. जयेश स्टेजच्या पुढे उभा राहून लोकांना पडद्यावर ट्रॅक दाखवत होता. सगळं नीट चाललंय असं मला वाटायला लागलं आणि तेवढ्यात मंदारने वाजवणं बंद केलं. त्याने मान जराशी तिरकी केली. मी टॉकबॅकवर बोललो की तो नेहमी करतो तशी. मग त्याने माझ्याकडे बघून होकार दिला.

मी तोंड उघडलेलं नव्हतं.

तो उठला. झांजेचा लोखंडी स्टँड त्याने झांज काढून उचलला आणि स्टेजवरून खाली उतरला. लोकांना तो डेमोचाच भाग वाटला, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. एकटा जयेश मागे सरकला. तो मंदारकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. तो खाली पडला, आणि मंदार त्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा राहिला आणि मारत राहिला. लयीत मारत होता. हे लिहायला मला लाज वाटते, पण माझ्या कानाने आधी तेच टिपलं. प्रत्येक फटका ठेक्यावर पडत होता आणि मधली जागा तो नेमकी सोडत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. वाजवताना असतो तसा मन लावलेला चेहरा होता. रक्त त्याच्या शर्टावर, पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या पर्सवर उडालं. जयेशचा हात चेहऱ्यावर आडवा आला, तो हात मोडला. "जाऊ द्या ना भाऊ... बस झालं ना..."

मी ओरडत धावलो, "थांब! मंदार, थांब!" घसा फाटेपर्यंत ओरडलो. आणि मध्येच मला कळलं, की त्याला ऐकू येत नाहीये. कानात इअरफोन घट्ट बसलेले. तिथपर्यंत माझा आवाज पोचायची एकच वाट होती आणि ती मीच उपटून बॅगेत कोंबली होती.

अर्धी माणसं मोबाईल धरून उभी होती. मी मागून त्याला मिठी मारली तर त्याने कोपराने माझा दात पाडला, मागे न बघता. शेवटी तिघाचौघांनी त्याला आडवा पाडला तेव्हा मी त्याच्या कानातले इअरफोन ओढून काढले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली जयेशकडे पाहिलं.

"दादा, तू थांब म्हणालाच नाहीस," तो म्हणाला.

जयेश वाचला. एक डोळा गेला, जबड्यात धातूच्या पट्ट्या घातल्या आहेत. मी दवाखान्यात गेलो होतो, पण त्याच्या वडिलांनी मला दारातूनच परत पाठवलं, आणि ते बरोबरच केलं. मशीन पोलिसांनी नेलं. कंपनीच्या माणसांनी त्यांच्यासमोर ते उघडून दाखवलं. त्यात जास्तीचा ट्रॅक नाही. सकाळचाही नाही आणि डेमोचाही नाही.

मंदारवर जिवे मारण्याचा प्रयत्न केल्याचा गुन्हा आहे. त्याने पहिल्या दिवसापासून एकच सांगितलं, की दादा कानात सांगत होता. आणि मी पोलिसांना जे खरं ते सांगितलं, की टॉकबॅक बंद होता, माईक माझ्या बॅगेत होता. बॅग उघडून दाखवलीसुद्धा. माझ्या त्या एका खऱ्या वाक्याने माझा भाऊ एक तर खोटारडा ठरला, नाहीतर वेडा. मी आवाज दिला असं आता सांगू का, म्हणून मी आमच्या वकीलबाईंना विचारलं. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अवश्य सांगा. आईला दोघांना भेटायला एकाच दिवशी येता येईल."

मी त्याला तुरुंगात भेटायला जातो. मध्ये काच असते आणि दोन्हीकडे फोनचे रिसीव्हर असतात. मंदार रिसीव्हर कानाला लावत नाही. चांगला वीतभर लांब धरतो आणि माझ्या ओठांकडे बघत राहतो. माझा आवाज कानात गेला की काय होतं, ते त्याने पाहिलंय. जो मुलगा माझ्या स्टुडिओत माझ्या शब्दाखेरीज काठी उचलत नव्हता, तो आता माझ्या आवाजाला भितो. हे मला कोर्टातल्या कुठल्याही निकालापेक्षा जास्त लागतं.

मागच्या भेटीत तो म्हणाला, "दादा, शिक्षा होऊ दे. माझ्या हातांनी केलंय ते. पण तू एकदा मला सांग की तूच बोलत होतास. कोर्टात नको, फक्त मला सांग. नाहीतर तो आवाज माझ्याच डोक्यातला होता असं होतं रे... मग मी इथे रात्री डोळे कसे मिटू?"

मी नव्हतो. माझे ओठ मिटलेले होते, माईक बॅगेत होता, वायर जमिनीवर पडली होती. देवाशप्पथ मी नव्हतो. पण ट्रॅकवरचा तो आवाज माझाच होता, हेही मी नाकारू शकत नाही. आवाज ओळखण्याचीच तर मी भाकरी खातो. मग कोण बोललं? कुठून बोललं? मला अजून कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर सांगा, हसलात तरी मी रागावणार नाही.

काचेपलीकडे तो वाट बघत होता. मी म्हणालो, "हो. मीच बोलत होतो."

त्याचे खांदे सैल पडले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्याने रिसीव्हर कानाला लावला, डोळे पुसले आणि लहानपणी विचारायचा तशा आवाजात विचारलं,

"पण का रे, दादा? त्याने तुझं काय केलं होतं?"