बत्तीस चिंचोके आणि आबांचा कापूस

त्या वर्षी आमच्या घरात कापसाला चार खोल्या होत्या आणि माणसांना दीड. माणसं सतरा होती. कापूस किती होता ते फक्त आबांना ठाऊक. आम्हाला एवढंच ठाऊक होतं की तो वरणात येतो, अंथरुणात येतो, नाकात येतो, आणि तक्रार केली की आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणतात, "सोनं हाय ते, सोनं! नाकात गेलं तं गेलं!"

सोनंच होतं म्हणा. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात भाऊ-भाऊ लढत होते, तिकडचा कापूस अडला होता आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. (लढाई कशासाठी होती हे आमच्या गावात कोणी विचारलं नाही. ती चालू राहो, एवढीच सगळ्यांची प्रार्थना! आज आठवलं की लाज वाटते.) अमरावतीच्या बाजारात भाव दर आठवड्याला चढायचा आणि आबा दर आठवड्याला म्हणायचे, "अजून थोडं थांबू." माघ गेला, होळी झाली, कापूस घरातच. वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं, गोदीचं, लग्न चांदूरला ठरलं होतं आणि ते या कापसावरच व्हायचं होतं. दुसरं काही विकायला नव्हतंच, कारण आबांनी ज्वारीच्या वावरातही कापूसच पेरला होता.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. एकदा कापसाचा नमुना घेऊन अमरावतीला गेलो, तर खरेदीदार गोऱ्या साहेबाच्या ओसरीत तीन तास बसावं लागलं. साहेब समोरच खुर्चीत बसून एका गोल फळीवर गोट्या खेळत होता. फळीला तेहतीस खळगे, गोट्या बत्तीस, मधला खळगा रिकामा. एका गोटीने शेजारच्या गोटीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या खळग्यात बसायचं, आणि जिच्यावरून उडी मारली ती बाद. असं करत करत शेवटी एकच उरवायची. बस्स! समोर गडी कोणीच नाही. आधी मला साहेबाची कीव आली. एवढा मोठा माणूस, आणि खेळायला सोबतीला कोणी मिळू नये! तीन तासांनी त्याचा हेवा वाटू लागला.

त्याचं कारण सांगितलं पाहिजे. आबांबरोबर सोंगट्या खेळायला बसलं की हरावं लागे, कारण ते बाप. मेहुण्याबरोबर हरावं लागे, कारण ते जावई. थोरल्या भावाला हरवलं तर तो चार दिवस बोलत नसे. बायकोबरोबर खेळायची तेव्हा रीत नव्हती. (असती तर तिथेही हरलोच असतो.) म्हणजे बावीस वर्षांत मी एकही डाव मनापासून खेळलो नव्हतो! आणि इथे एक खेळ असा होता की ज्यात मी कोणाचा मुलगा नव्हतो, कोणाचा भाऊ नव्हतो. जिंकलं तर कोणी रुसणार नाही, हरलं तर कोणी हसणार नाही. सतरा माणसांच्या घरात राहिल्याशिवाय त्याची गोडी कळायची नाही.

घरी येऊन आंब्याच्या फळीला तापल्या सळईने तेहतीस खळगे पाडले, बत्तीस चिंचोके धुऊन घेतले आणि दुपारच्या वेळी गोठ्यात, कडब्याच्या आडोशाला बसू लागलो. पहिल्या दिवशी अकरा उरले. दुसऱ्या दिवशी आठ. बैल मला हिंग लावूनही विचारत नव्हते. इतकं सुख मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

ते पाच दिवस टिकलं. आमच्याकडे माणूस एकटा बसला की त्याची दोनच कारणं धरत, ताप नाहीतर भांडण. सहाव्या दिवशी बायको शोधत आली.

"काहून जी, असे एकटेच बसून राह्यले?"

"खेळून राहिलो."

"कोनासंगं?"

"कोनासंगंच नाही."

ती दोन पावलं मागे सरकली. "मंग हारते कोन?"

"मी."

"अन् जितते कोन?"

"अजून कोनीच नाही जितलं."

ती तडक माझ्या आईकडे, मायकडे, गेली. माय मीठ-मिरच्या घेऊन आली आणि तिने माझी दृष्ट काढली. मिरच्या जळल्या तशी मला शिंक आली, बैलांना ठसका लागला आणि चिंचोके शेणात गेले. एवढं होऊनही मी ते वेचून, धुऊन, पुन्हा मांडतो आहे हे पाहिल्यावर मायची खात्री पटली. तिने शेजारच्या पुंजाजीकाकांना बोलावलं. पुंजाजीकाका दोनदा अकोल्याला जाऊन आले होते, त्यामुळे जगातल्या कोणत्याही गोष्टीवर गावात शेवटचा शब्द त्यांचा असे.

काकांनी फळी पाहिली, चिंचोके पाहिले, माझे पुटपुटणारे ओठ पाहिले आणि मांडीवर थाप मारली. "याले काही झालं नाही! हा रमल पाहून राहिला, रमल! होनारं सांगायची विद्या हाय ते. अकोल्यात एक रमलवाला म्या डोयानं पाह्यला. असाच चुप बसे, असाच पुटपुटे."

"काका, खेळ हाय हा! साहेबाचा खेळ!"

"साहेब कापूस घेते ना?"

"घेते."

"अन् घ्यायच्या आंधी हे मांडून बसते?"

"हो, पन..."

"मंग झालं!" काका म्हणाले आणि आबांकडे वळले. पुढे माझं कोणी काही ऐकलं नाही.

काकांनी हिशेब जुळवला तोही असा की खोडता येईना. परवा माझे सात चिंचोके उरले आणि बाजारातून बातमी आली भाव पडल्याची. काल चार उरले आणि भाव चढला. म्हणजे कमी उरले की तेजी, जास्त उरले की मंदी. आबांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, "आठच्या वर गेला तं दुसऱ्याच दिशी गाड्या जुपतो. अन् ज्या दिशी एक उरला, त्या दिवसापासून दिवाईपर्यंत कापसाले हात लावत नाही!"

आता मात्र माझ्या एकट्याच्या खेळाला वीस माणसं जमू लागली. गोठ्यात जागा पुरेना म्हणून बैल बाहेर बांधले. आबांनी माझं वावरात जाणं बंद केलं. "तू नको येऊ. तू बस." मला सकाळ-संध्याकाळ दूध मिळू लागलं. जो तो मागून बोट दाखवायचा. "तो उचल ना बापा, कोपऱ्यातला!" "अरे, तो नाही, याच्यावरून कूद!" मी चिंचोका उचलला की वीस जण श्वास धरायचे आणि ठेवला की वीस जण सोडायचे. त्या वाऱ्याने कापूस उडायचा. "मले काही येत नाही हो," असं मी रोज हात जोडून सांगायचो, आणि पुंजाजीकाका समाधानाने मान हलवायचे. "पाह्यलं? जानता मानूस असंच म्हनते."

आणि खरं सांगायचं तर (इतक्या वर्षांनी लपवून काय करायचं!) महिनाभरात माझंही डोकं फिरू लागलं. चार उरले की मलाच बाजाराची हुरहूर लागायची. रोज उरायचे चार, पाच, कधी तीन. ना आठच्या वर, ना एक. आबा ना विकत, ना निश्चिंत होत. चैत्र सरत आला.

एक दिवस गोदी मला पाणी द्यायला आली. फळीकडे बघत म्हणाली, "दादा, माह्यं लगन तुह्या चिंचोक्यायवर हाय का रे?" आणि हसली. मीही हसलो. मग पाहिलं तर तिचं हसू केव्हाच थांबलं होतं. चांदूरच्या लोकांचा दोनदा निरोप येऊन गेला होता, तयारी कुठवर आली म्हणून. मला फार वाईट वाटलं. आबांना मी किती वेळा म्हणालो, विकून टाका, हातातला कापूस तो आपला. पण माझ्या तोंडावर कोणाचा विश्वास नव्हता. होता तो चिंचोक्यांवर.

मग तो दिवस आला. पुंजाजीकाकांकडे जेवणाची पंगत होती, सगळं घर तिकडे. पोटात दुखतं सांगून मी मागे राहिलो आणि दीड महिन्यानंतर पहिल्यांदा गोठ्यात एकटा बसलो. डाव मांडला. कोणी सांगायला नाही, कोणी श्वास धरायला नाही. हात आपोआप चालत गेला. दहा उरले, सात उरले, चार, तीन... आणि एक!

एकच. तोही मधोमध!

मी उठून उभा राहिलो. नाचावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी पुरतं जिंकलो होतो आणि माझ्यामुळे कोणीही हरलं नव्हतं. तेवढ्यात अंगणात आबांचं खाकरणं ऐकू आलं आणि माझ्या पोटात खरंच दुखू लागलं. एक म्हणजे दिवाळी! आबा कापसाला हात लावणार नाहीत. पुढे भाव चढेल की पडेल, मला काय कळतंय? पण गोदीचं लग्न वैशाखात होतं. मी खाली वाकलो, बाद झालेल्यांतले आठ चिंचोके उचलले आणि दिसतील त्या खळग्यांत टाकले.

आबा आत आले. फळीवर वाकले.

"नऊ?"

"नऊ."

"बरोबर मोजले?"

"तुमीच मोजा."

त्यांनी दोनदा मोजले. दुसऱ्या दिवशी गाड्या जुंपल्या. आमच्यामागे पुंजाजीकाकांच्या गाड्या निघाल्या आणि त्यांच्यामागे अर्ध्या गावाच्या. कापूस विकून सगळे घरी परतले. घरात एकदम चार खोल्या मोकळ्या झाल्या आणि कोणी कुठे झोपायचं यावरून भांडणं सुरू झाली.

आठ दिवसांनी भाव चढला. चांगला सणसणीत चढला! अर्धं गाव आमच्या दारात. पुंजाजीकाकांनी मला तंबाखू द्यायची बंद केली. बायको भाकर ताटात अशी टाकायची की शेजाऱ्यांना ऐकू जावी. माझं दूध बंद झालं. माय म्हणाली, "त्यापरीस याले बाहेरचं लागलं असतं तं बरं झालं असतं." आबा कोपऱ्यांत सांडलेला कापूस वेचत बसायचे, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

त्यानंतर पंधरवडा गेला नाही तोच बातमी आली. तिकडची लढाई संपली! भाव असा कोसळला की अमरावतीहून भरल्या गाड्या तशाच परत येऊ लागल्या. ज्यांनी माझ्या नऊवर भरवसा ठेवला नव्हता त्यांचा कापूस दिवाळीलाही त्यांच्या घरातच होता. गोदीचं लग्न मात्र थाटात झालं. आणि मी एका रात्रीत तुळशीराम महाराज झालो! लोक गोठ्यात नारळ ठेवून जाऊ लागले. कोणाची म्हैस हरवली, कोणाला मुलगा हवा, कोणाला पाऊस कधी पडेल ते हवं. एका बाईने तर फळीला हळद-कुंकू वाहिलं. ते सगळ्या खळग्यांत गेलं.

मला ते सोसवेना. लग्नानंतर सत्यनारायणाच्या पूजेला सगळं गाव जमलं होतं, तेव्हा मी उभा राहून सांगून टाकलं. "आबा, त्या दिशी नऊ उरले नव्हते. एकच उरला होता. आठ म्या परत ठेवले."

आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हंजे एक उरला होता, अन् आली मंदी? मंग तुह्यी विद्या खोटी?"

"विद्या नाहीच हो! पह्यल्या दिवसापासून सांगून राहिलो, खेळ हाय!"

"ते असू दे," पुंजाजीकाका मध्येच म्हणाले. "पन एक उरला होता म्हनते! दीड महिना पाह्यलं आमी. तीनाच्या खाली गेला का हा कधी? खोटं बोलू नये रे, पूजेच्या दिशी तरी!"

मी त्यांना फसवलं होतं याचा कोणाला राग नव्हता. मी जिंकलो होतो, हे मात्र एकाही माणसाला पटेना! माझं डोकं तडकलं. "दाखवतो!" म्हणालो आणि फळी घेऊन आलो. अख्खं गाव भोवती जमलं. चिंचोके मांडले. उचलले, ठेवले, उचलले, ठेवले...

तेरा उरले.

आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे, बापा. नऊच होते. जाय, प्रसाद घे."

लोक एकेक करून पांगले. दोघी-तिघींनी जाता जाता आपले नारळ परत नेले. दुसऱ्या दिवशी गोठ्यात बैल आत आले आणि माणूस एकही आलं नाही. तेव्हापासून आज म्हातारपणापर्यंत मी माझा खेळ निवांत खेळतो आहे. कोणी विचारायला येत नाही, कारण तुळशीरामला काही येत नाही हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. एकट्याच्या खेळात हरलेलं कोणी पाहत नाही, हे त्याचं सुख. जिंकलेलंही कोणी पाहत नाही, हे दुःख मात्र माझं मलाच नीट सांगता येत नाही.

परवा पुन्हा एकच उरला. मधोमध! मी आनंदाने हाका मारून बायकोला बोलावलं. तिने चिंचोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"उठा अन् धोतर झटका."

झटकलं. तीन पडले.