बहिणीची सॅक

गवती चहाचा वास आला की माझा अजूनही जळफळाट होतो. दहा-बारा वर्षांपूर्वी धाकटी बहीण बँकॉक भटकून मस्कतला, आमच्या अल् घुब्राच्या फ्लॅटवर आली, तेव्हा तिथून आणलेल्या साबणांमुळे तिच्या सॅकला तोच वास होता.

"दादा, आठ जणांच्या खोलीत झोपले, रस्त्यावर नूडल्स खाल्ल्या, दोनदा हरवले! तूही जा ना."

"गर्दी आणि घाण बघायला?" मी फटकारलं. माझा पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे माझ्या अरब मालकाच्या, तिजोरीत असतो आणि फक्त भारतात जाण्यापुरता हातात मिळतो, हे तिला सांगितलं नाही.

ती आंघोळीला गेल्यावर मी सॅक पाठीवर चढवून आरशासमोर उभा राहिलो. मागे बायको उभी होती. वाटलं, आता हसेल. तिने जवळ येऊन पट्टे माझ्या मापाचे करून दिले.